थ्री नॉट थ्री: ऐकीव आणि खरं

'सत्तावन्नच्या चरबीच्या काडतुसांची एनफील्ड ती हीच!' ली-एनफील्ड रायफलकडे बोट दाखवून असं छातीठोक सांगणारे हमखास भेटतात. घोटाळा नावाचा आहे. सत्तावन्नची एनफील्ड 1853च्या नमुन्याची, तोंडाकडून ठासायची, .577 बोअरची. बोल्टवाली ली-एनफील्ड आली 1895मध्ये. लंडनजवळच्या एनफील्डच्या सरकारी कारखान्याचं नाव दोघींना लागलं, एवढंच नातं.

तीनशेतीन हा आकडाही गोळ्यांचा नव्हे. नळीचं भोक 0.303 इंच, म्हणजे 7.7 मिलिमीटर. मॅगझिनमध्ये गोळ्या मावतात दहा.

संग्राहक फसतात ते शिक्क्यांवर. बोल्टच्या दांडीखाली, दस्त्याच्या मानेशी उजव्या अंगाला राजमुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना आणि साल कोरलेलं असतं. तिथे व्हिक्टोरिया राणीचं 'व्ही. आर.' आणि खाली 1910 साल दिसलं, की रायफल खैबरकडच्या एखाद्या लोहाराची समजावी. राणी 1901च्या जानेवारीतच वारली होती! अशी नक्कल भिंतीवर शोभते. तिच्यातून गोळी झाडू नये, पोलाद कसलं वापरलंय कुणास ठाऊक.

'दिसते थ्री नॉट थ्री, तर काडतूसही तेच' हा समज तर थेट अंगावर येणारा. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने 1960च्या दशकात याच घडणीची 7.62 मिलिमीटरची '2ए' रायफल काढली. पोलिसांसाठी काही जुन्या रायफली .410 बोअरच्या, एकेक गोळी भरायच्या मस्केटी केल्या गेल्या. काडतूस हातात घेण्याआधी बोअर तपासायची.

परदेशी रेंजवर हौशी नेमबाज जुनी लष्करी काडतुसं उडवतात आणि नळीला तेल लावून मोकळे होतात. त्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनामुळे नळीत क्षार साचतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. आणि तसाच राहिला तर हवेतली ओल ओढून नळी गंजवतो. ब्रिटिश शिपाई म्हणूनच नळीतून उकळतं पाणी ओतत, त्यासाठी खास नरसाळंच असे. मग पुल-थ्रूच्या दोरीला चिंधी बांधून नळी कोरडी करायची, तेल त्यानंतर.

'जुनी आहे, परवाना कशाला?' भारतात .303 ही प्रतिबंधित बोअर आहे. 1959च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45ने पुराणवस्तूला सूट दिली आहे, पण दुरुस्त करूनही जिच्यातून गोळी सुटणार नाही, अशीलाच.