आज्ञाधारक नकलेचा धोका

१४ जानेवारी २०२५ रोजी फायलींची नक्कल करणाऱ्या आरसिंक या साधनाची ३.४.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्याबरोबरच सहा सुरक्षादोषांची यादीही जाहीर झाली. त्यांतील सर्वांत भयंकर दोषाला दहापैकी ९.८ इतके गांभीर्य देण्यात आले, कारण केवळ वाचनाची मुभा असलेला, नावगाव न सांगता आलेला परका इसमही दुसऱ्या एका दोषाची जोड मिळताच त्या वाटेने सर्व्हरवर आपली आज्ञा चालवू शकत होता. बातमी गाजली, दुरुस्ती झाली, व्यवस्थापकांनी रातोरात नवी आवृत्ती चढविली, आणि हे सर्व यथायोग्यच झाले. परंतु सॉफ्टवेअरची भांडारे जगभर ज्या मिरर, म्हणजे मूळ भांडाराची हुबेहूब नक्कल ठेवणाऱ्या, सर्व्हरांवरून वाटली जातात, त्यांचे आजवर झालेले नुकसान पाहिले असता असे ध्यानी येते की, त्यातील पुष्कळसे अशा छिद्रांमुळे झालेले नसून, साधनाने त्याला दिलेल्या हुकमाची अक्षरशः तामिली केल्यामुळे झालेले आहे. आणि या दुखण्यावर कोणतीही नवी आवृत्ती उतारा देऊ शकत नाही.

कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्रू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली हे साधन सिद्ध केले, तेव्हा अख्खी फाइल पुनःपुन्हा न पाठविता तिच्यातील बदललेला तेवढाच अंश पाठवावा ही त्यांची युक्ती मंदगती जोडण्यांच्या त्या काळात वरदानासारखी ठरली, आणि डेबियन या लिनक्स वितरणासारखी प्रचंड भांडारे देशोदेशींच्या सर्व्हरांवर फुकट उभी राहू शकली ती बव्हंशी तिच्याच बळावर. प्रस्तुत लेखकाला या साधनाविषयी नितांत आदर आहे, आणि म्हणूनच त्याच्या मर्यादा उघडपणे सांगणे अगत्याचे वाटते.

पहिली मर्यादा क्रमाची. आरसिंक एकेक फाइल तात्पुरत्या नावाने उतरवून घेते व पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव देते. त्यामुळे सुटी फाइल अर्धवट अवस्थेत कोणाच्या हाती पडत नाही, मात्र ‘इनप्लेस’ हा पर्याय निवडला तर हे संरक्षणही गमवावे लागते. परंतु भांडार म्हणजे सुट्या फायलींची रास नव्हे. डेबियनच्या भांडारात ‘पूल’ या विभागात प्रत्यक्ष पॅकेजे असतात आणि ‘डिस्ट्स’ या विभागात त्यांच्या सूच्या, व प्रत्येक सूचीत पॅकेजाचे नाव, आकार आणि चेकसम (मजकूर पडताळण्याचा आकडा) नोंदलेले असते. ग्रंथालयात नवा ग्रंथ फळीवर येण्याआधीच त्याचे कार्ड पेटीत लावावे आणि जुना ग्रंथ मात्र लगोलग रद्दीत काढावा, म्हणजे वाचकाची जी अवस्था होईल, तीच साध्या आरसिंकने एका दमात केलेल्या नकलेच्या मधल्या काळात तेथे येणाऱ्याची होते. सूची नवी, माल जुना. किंवा सूची जुनी आणि माल नाहीसा. ‘हॅश सम मिसमॅच’ हा जो संदेश पाहून कित्येकांनी आपल्याच संगणकाला दोष दिला असेल, त्याचे एक नेहमीचे मूळ येथे आहे.

भांडारातला माल दिवसातून चार वेळा बदलतो, आणि मोठी नक्कल पुरी व्हायला कित्येक तास लागू शकतात. म्हणून डेबियनने आपल्या मिररचालकांसाठी ‘एफटीपीसिंक’ ही स्क्रिप्ट तयार केली आहे. तिची तजवीज अशी की, प्रथम पॅकेजे आणावीत, सूच्यांना हात लावू नये, काहीही पुसू नये. मग दुसऱ्या फेरीत सूच्या आणाव्यात, आणि त्या जागेवर बसल्यानंतरच जुना माल काढावा. काम चालू असताना तशी सूचना देणारी एक फाइल मुळाशी ठेवली जाते, आणि शेवटी ‘ट्रेस’ नावाच्या दफ्तरात वेळेची नोंद होते. पुढे २०१६च्या सुमारास सूच्या त्यांच्या हॅशच्या नावाने मागविण्याची सोयही आली. मला या व्यवस्थेत कारागिरीची उत्तम जाण दिसते. आणि इतके असूनही जो व्यवस्थापक एका ओळीचा आरसिंक क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, टाकून निश्चिंत होतो, त्याचे वर्तन मला अक्षम्य वाटते.

दुसरी मर्यादा विश्वासाची. आकार आणि बदलाची वेळ जुळली की आरसिंक फाइल तीच आहे असे धरून पुढे जाते. डिस्कवर नकळत बिघडलेला मजकूर त्या नजरेस दिसतच नाही. प्रत्येक फाइलीचा चेकसम काढण्याचा पर्याय आहे, पण तो दोन्हीकडच्या फायली संपूर्ण वाचायला लावतो, म्हणून क्वचितच वापरला जातो.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत घातक, पुसण्याची. मुळात जे नाही ते नकलेतही नसावे, हा ‘डिलीट’ पर्यायाचा अर्थ. मूळ सर्व्हरवर डिस्क जोडायची राहून गेली, तर तेथे रिकामी निर्देशिका दिसते. वाचनात चूक झाली असती तर आरसिंकने पुसणे थांबविले असते, पण रिकामी निर्देशिका ही चूक नव्हे, आणि नक्कलही निमूटपणे रिकामी होते. साधन निराळे असले तरी २०१३च्या मार्च महिन्यात केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पावर हाच प्रसंग ओढवला: मूळ सर्व्हरची फाइलप्रणाली भ्रष्ट झाली, भांडारांची यादी बिघडली, आणि मिररांनी त्या यादीबरहुकूम आपल्याकडच्या प्रती पुसून टाकल्या. सुमारे १,५०० भांडारे. ती वाचली ती केवळ एका सर्व्हरवर शाबूत प्रत सापडली म्हणून.

धोका दुष्ट हेतूनेही येऊ शकतो. २००८ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठातील जस्टिन कॅपॉस व सहकाऱ्यांनी बनावट कंपनीच्या नावाने सर्व्हर भाड्याने घेऊन तो अनेक लिनक्स वितरणांच्या अधिकृत मिररयादीत दाखल करून दाखविला. स्वाक्षरी खरी, पण माल जुना व सदोष, अशी फसवणूक त्या काळी शक्य होती. सूचीवर वैधतेची मुदत घालण्याचे महत्त्व त्यातूनच स्पष्ट होते.

आपल्याकडील ज्या महाविद्यालयांनी व संस्थांनी असे मिरर चालविण्याची जबाबदारी पत्करली आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, भांडाराने नेमून दिलेलीच स्क्रिप्ट वापरावी, एका फेरीत किती फायली पुसता येतील याची मर्यादा ‘मॅक्स-डिलीट’ने बांधून द्यावी, ट्रेसमधील तारीख रोज तपासावी, आणि ज्याची खरोखर गरज आहे त्याची कालबद्ध, न बदलणारी बॅकअप प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावी.