दूरचे स्टेशन कशामुळे लागते?

रेडिओच्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी सांगितली जाते ती बँडांची संख्या. मग ब्लूटूथ, मेमरी कार्ड, टॉर्च आणि शेवटी ओढून उंच करायची चकचकीत एरियल. मीडियम वेव्हवर लांबचे स्टेशन ऐकायचे असेल, तर यातले काहीच कामाचे नाही. ती एरियलसुद्धा नाही. ती एफएम आणि शॉर्टवेव्हपुरती असते. मीडियम वेव्हसाठी पोर्टेबल रेडिओच्या पोटात वेगळी एरियल आडवी बसवलेली असते: फेराइटची काळसर कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. रेडिओ निवडताना पैसे मोजायचे ते या कांडीसाठी, आणि बाकीचे काम जागा, वेळ आणि दिशा यांच्याकडून करून घ्यायचे, असे माझे ठाम मत आहे. महागडा सेट घेऊन तो ट्यूबलाइटखाली ठेवणाऱ्यापेक्षा साधा, पण मोठ्या कांडीचा सेट गच्चीवर नेणाऱ्याला कितीतरी जास्त स्टेशने लागतात.

लांबचा आवाज येतो कसा, हे कळले की या मताचा आधार दिसतो. दिवसा मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून जातात. जमीन जितकी चांगली विद्युतवाहक, तितका त्यांचा पल्ला लांब. समुद्राचे पाणी या बाबतीत कोरड्या खडकापेक्षा हजारो पटींनी सरस असते, म्हणून कोकण किनाऱ्यावर किंवा गोव्यात समुद्रावरून येणारे स्टेशन भरदिवसाही स्वच्छ लागू शकते, आणि तितक्याच अंतरावरचे सह्याद्रीपलीकडचे स्टेशन कुजबुजल्यासारखे येते. आकाशाकडे गेलेल्या लहरी दिवसा साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, ‘डी’ थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरांवरून परतून हजार-दीड हजार किलोमीटरवर उतरतात. असा परावर्तक थर असल्याचे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड ॲपलटन यांनी १९२४मध्ये इंग्लंडमध्ये प्रयोगाने दाखवले, आणि त्यांना १९४७चे नोबेल मिळाले. सांगायचा मुद्दा असा की, रात्री दूरचा संकेत आपल्या छपरापर्यंत येऊन पोचलेलाच असतो. रेडिओने तो आणायचा नसतो, गोंगाटातून आणि शेजारच्या स्टेशनांतून वेगळा काढायचा असतो.

त्यासाठी पहिली गरज कांडीची. खिशात मावणाऱ्या रेडिओत ती चार-पाच सेंटिमीटरची असते. मग क्षीण संकेत रेडिओच्या स्वतःच्या खरखरीतच बुडतो आणि पुढे आवाज कितीही वाढवला, तरी खरखरही तितकीच वाढते. अमेरिकेत गाजलेल्या जीई सुपररेडिओत सुमारे २० सेंटिमीटरची कांडी होती. पॅनासॉनिकच्या आरएफ-२२०० या १९७०च्या दशकातल्या सेटमध्ये कांडी वरच्या बाजूला फिरती बसवलेली होती, म्हणजे सेट जागेवर ठेवून नुसती एरियल वळवता येई. हे दोन्ही सेट आता फक्त जुन्या बाजारात मिळतात, तरी जाणकार त्यांच्यासाठी आजही पैसे मोजतात. सुपररेडिओत तर बँड मोजकेच. दुकानात पेटी उघडून दाखवत नाहीत हे खरे, पण मोठ्या कांडीला मोठी पेटी लागते, एवढी खूण पुरेशी आहे. तळहाताएवढ्या सेटमध्ये वीतभर कांडी मावणार नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. फेराइटची कांडी दोन्ही अंगांनी, म्हणजे लांबीला काटकोनात, उत्तम ऐकते आणि टोकांच्या दिशेने जवळजवळ बहिरी असते. बहुतेक लोक सेट वळवतात तो हवे ते स्टेशन मोठे व्हावे म्हणून. खरे कसब नको ते स्टेशन टोकावर घेण्यात आहे. ऐकू येण्याची दिशा पसरट असते, बहिरी दिशा मात्र अरुंद आणि नेमकी असते. सेट काही अंश वळवला की दणदणीत स्टेशन मावळते आणि त्याच जागेवरचे दुसरे वर येते. दूरची दोन स्टेशने एकाच फ्रीक्वेन्सीवर आली, तर त्यांना वेगळे करायला यापेक्षा चांगला आणि फुकटचा उपाय नाही.

यावर आक्षेप येतो की, आताच्या डिजिटल चिपच्या रेडिओंनी हे सारे मागे टाकले आहे. त्यात तथ्य आहे. अशा चिपमध्ये ऐकण्याची पट्टी सहा किलोहर्ट्झपासून एकपर्यंत अरुंद करता येते, आणि प्रबळ स्टेशनाला खेटून बसलेले क्षीण स्टेशन बाहेर काढण्यात जुना काट्याचा सेट तिच्यापुढे टिकत नाही. पण चिप कांडीची जागा घेत नाही. जे आत आलेच नाही, ते ती गाळणार कुठून? शिवाय स्वस्त सेटमध्ये संकेत क्षीण झाला की आवाज आपोआप दाबण्याची सोय असते. गावातल्या स्टेशनाला ती बरी, दूरच्याला मारक. घेण्यापूर्वी आणखी एक पाहावे. आपल्याकडे आणि युरोपात मीडियम वेव्हची स्टेशने ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, अमेरिकेत १०च्या. मुंबईचे १०४४, पुण्याचे ७९२, पणजीचे १२८७. तिन्ही आकड्यांना ९ने भाग जातो. परदेशातून आणलेला सेट १०च्या टप्प्यावर राहिला, तर तो १०४०वरून थेट १०५०वर उडी मारेल. बहुतेक चांगल्या सेटमध्ये हा टप्पा बदलता येतो.

कांडी लहान असेल, तरी वाट बंद होत नाही. दोन फुटी लाकडी चौकटीवर दहा-बारा वेढे तार आणि जुन्या रेडिओतला स्टेशन लावायचा गँग कंडेन्सर एवढ्यात चौकटी एरियल तयार होते. ती रेडिओजवळ नुसती ठेवायची, जोडायची नाही. गँग फिरवून ती त्या स्टेशनाशी जुळली की आवाज एकदम उसळतो.

मात्र घरातल्या गोंगाटावर यातले काहीच चालत नाही. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्ही यांतून निघणारी गुणगुण नेमकी याच लहरींवर पडते, आणि सिमेंट-लोखंडाच्या इमारतीत बाहेरचा संकेत आधीच अर्धमेला होऊन येतो. म्हणून सेट सेलवर चालवावा, खिडकीत किंवा गच्चीवर न्यावा, घरातले एकेक उपकरण बंद करून गुन्हेगार शोधावा. वेळही पाहावी. मे-जूनमध्ये विजांच्या कडकडाटाची खरखर फार असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री निवांत असतात. अंधार पूर्वेकडून येतो. कोलकात्यात सूर्य मुंबईच्या सुमारे तासभर आधी मावळतो, म्हणून सांजवेळी आधी पूर्वेकडची स्टेशने लागतात आणि पहाटे पश्चिमेकडची शेवटपर्यंत रेंगाळतात.

सगळी आकाशवाणी फोनवर ऐकू येत असताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. नेटवर्क असेल तोवर फोनच सोयीचा, यात वाद नाही. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कोकणातल्या कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही अनेक दिवस बंद होते. अशा वेळी शंभर-दोनशे किलोमीटरवरचे, वादळाच्या वाटेबाहेरचे प्रक्षेपण केंद्र दोन-तीन सेलांवर घरात बातमी पोचवू शकते. आकाशवाणीच मीडियम वेव्हची केंद्रे आवरती घेत आहे, हा आक्षेप याहून वजनदार आहे. नागपूरच्या १५६६वरून चालणारी राष्ट्रीय प्रसारण सेवा २०१९मध्ये बंद झाली. पण त्याचा अर्थ लोक काढतात त्याच्या उलटा होतो. जवळचे केंद्र बंद झाले की उरलेले प्रत्येक केंद्र ऐकणाऱ्यापासून लांब जाते. काल कुठल्याही खिशातल्या सेटवर भागत होते, तिथे आता मोठी कांडी, सेलवर चालणारा सेट आणि तो वळवायचे कसब लागते. किनाऱ्यावरच्या आणि डोंगरातल्या घरांनी असा एक सेट पावसाळ्यापूर्वी तपासून ठेवावा: दिवसा कोणते केंद्र लागते, रात्री कोणते, सेटचे तोंड कुठल्या भिंतीकडे असताना, आणि हे आकडे सेटच्याच पाठीवर चिकटवून ठेवावेत.