औषधाच्या दुकानातला सोडा

अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावचं जुनं ड्रगस्टोर. एका अंगाला काचेच्या बरण्या, खलबत्ता, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. दुसऱ्या अंगाला संगमरवरी फळीचं काउंटर, फिरती स्टुलं आणि मागे भला मोठा आरसा. आईचं औषध तयार होईस्तोवर पोराने चॉकलेट सोडा पीत बसावं, अशी तिथली रीत. हे दोन धंदे एका छपराखाली आले तो योगायोग नव्हता. मला या दुकानाचं अप्रूप आहे ते त्यामुळेच.

एकोणिसाव्या शतकात झऱ्याचं बुडबुड्यांचं पाणी औषध मानलं जाई. ते दुकानात करायचं तर आम्लं हाताळणारा माणूस हवा. न्यूयॉर्कमध्ये जॉन मॅथ्यूजने १८३० च्या दशकात त्यासाठी यंत्रं बनवायला घेतली. संगमरवराच्या चुऱ्यावर गंधकाम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटे. तो पाण्यातून धुऊन घ्यायचा आणि दाबाखाली थंड पाण्यात मुरवायचा. भांडं कच्चं असेल तर स्फोट! कडू औषध गोड पाकात लपवण्याची विद्याही औषधविक्याकडे होतीच. आल्याचा, व्हॅनिलाचा, चेरीचा पाक त्याच्या फडताळात तयार असे.

मग याच फडताळांतून पेयं निघाली. १८८५ साली टेक्सासच्या वेको गावात चार्ल्स आल्डरटनने डॉ. पेपर घडवलं. पुढच्या वर्षी अटलांटात जेकब्ज फार्मसीच्या काउंटरवर पेंबरटन या औषधविक्याचं कोका-कोला पाच सेंटला पेलाभर मिळू लागलं. पेप्सीसुद्धा न्यू बर्नच्या कॅलेब ब्रॅडहॅम या औषधविक्याचीच.

काउंटरमागच्या पोराचं कसब बघण्यासारखं असे. नळाची मूठ एकीकडे ओढली की जाड धार, दुसरीकडे लोटली की सुईसारखी बारीक. पेल्याच्या तळाशी पाक, त्यावर जाड धारेने सोडा, मग आईस्क्रीमचा गोळा आणि शेवटी बारीक धारेचा फटकारा, की फेस काठावर येऊन थांबे. १९२० मध्ये दारूबंदी आली, गुत्ते बंद पडले आणि गप्पांना बसायला या स्टुलांवर गर्दी वाढली. १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या चित्रपटात सोडा काउंटरवर राबणाऱ्या पोराला कळतं, की दुःखाने बेभान झालेल्या मालकाने कॅप्सुलांत चुकून विष भरलंय. हा प्रसंग दुसऱ्या कुठल्याच दुकानात घडला नसता.

पुढे घरोघरी फ्रिज आले, बाटल्या आल्या, मोटारी गावाबाहेरच्या हमरस्त्यांकडे वळल्या. गोळ्या कारखान्यातून तयार येऊ लागल्या आणि स्टुलांच्या जागी मालाच्या मांडण्या लावणं मालकाला परवडू लागलं.

या काउंटरची आठवण काढणाऱ्याने १९५८ सालही आठवायला हवं. अनेक गावांत काळ्या माणसाला इथून औषध विकत मिळे, पण स्टुलावर बसू देत नसत. त्या जुलैत कॅन्ससच्या विचिटात डॉकम ड्रगस्टोरच्या काउंटरवर काळे विद्यार्थी दिवसेंदिवस शांतपणे बसून राहिले. अखेर मालक नमला. ऑगस्टमध्ये ओक्लाहोमा सिटीत शिक्षिका क्लारा लूपर मुलांना घेऊन कॅट्झ ड्रगस्टोरमध्ये गेल्या. मुलांनी मागितलं ते कोका-कोलाच, औषधविक्याच्याच दुकानात जन्मलेलं. आधी नकार मिळाला, शिव्या मिळाल्या. मुलं हलली नाहीत. काही दिवसांतच कॅट्झने आपली काउंटरं सर्वांना खुली केली.