ऑनलाइन अर्ज नेमका कोणासाठी?



दहावी-बारावीचा निकाल लागला की गावोगावच्या सेवा केंद्रांवर रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. अर्ज तर ऑनलाइन आहेत, मग माणूस रांगेत का उभा? ‘लोकांना जमत नाही हो’ असं उत्तर आपण पटकन देऊन टाकतो. मला ते पटत नाही. रांगेतला तोच माणूस मोबाइलवरून पैसे पाठवतो, गॅस बुक करतो, मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. म्हणजे मोबाइल त्याला येतो, अडतं ते अर्जाच्या रचनेपाशी. आज आपण ही रचनाच समजून घेऊ.

सरकारी सेवा ऑनलाइन आणायच्या ढोबळ मानाने दोन तऱ्हा आहेत. पहिली म्हणजे कार्यालयातला कागदी नमुना उचलायचा आणि जसाच्या तसा पडद्यावर ठेवायचा. दुसऱ्या तऱ्हेत आधी विचारायचं की हा माणूस कशासाठी आला आहे, त्याच्या हातात काय आहे आणि त्याला कोणते शब्द कळतात. मग त्याप्रमाणे अर्ज बांधायचा.

या दुसऱ्या तऱ्हेचं सर्वांत जास्त चर्चेत राहिलेलं उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथेही सरकारी माहिती शेकडो वेबसाइटवर विखुरलेली होती. २०१० साली मार्था लेन फॉक्स यांनी सरकारला अहवाल दिला, २०११ मध्ये ‘गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस’ हा विभाग सुरू झाला आणि १७ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वांसाठी एकच वेबसाइट आली, ‘गव्ह डॉट यूके’. या विभागाचं पहिलं तत्त्व असं की सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून करा, खात्याच्या गरजेपासून नको. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यातून निघालेले निर्णय बघा. सार्वजनिक सुट्ट्यांचं पान उघडलं की पुढची सुट्टी कधी, हे सर्वांत वर मोठ्या अक्षरांत दिसतं, कारण लोक तेवढंच बघायला येतात. मजकूर नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येईल इतका सोपा ठेवायचा, म्हणजे आपली चौथीची मुलं! सेवेचं नाव क्रियापदात, ‘मतदार म्हणून नोंदणी करा’ अशा धाटणीचं. आपल्याकडे याच कामाला ‘नमुना ६’ म्हणतात. तो आकडा कार्यालयाच्या सोयीचा. अठरा वर्षांच्या मुलाला त्यातून काय कळणार?

जन्मतारखेसाठी तिथे कॅलेंडर देत नाहीत. दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी देतात. आजोबांची १९५२ ची तारीख शोधत कॅलेंडरची पानं मागे ढकलून ज्यांचं बोट दुखलंय, त्यांना कारण सांगायला नको. एका पानावर शक्यतो एकच प्रश्न असतो, त्यामुळे छोट्या पडद्यावर चूक कुठे झाली ते लगेच कळतं.

नावाच्या चौकटीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपल्या शाळांची खरी डोकेदुखी तीच आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की जमेल तिथे पूर्ण नावासाठी एकच चौकट द्या, कारण सगळ्यांची नावं एकाच साच्यात बसत नाहीत. आपल्याकडचा साचा पाहा. जनरल रजिस्टरला अनेक ठिकाणी आडनाव आधी, आधारवर ते शेवटी, आणि इंग्रजी स्पेलिंग नोंद करणाऱ्याच्या मर्जीवर. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही येतं, बालकाच्या आणि वडिलांच्या नावांच्या मध्ये. निर्णय चांगलाच आहे. पण तीनच चौकटी असलेल्या अर्जात ही चार नावं कशी भरायची? अपार आयडी काढताना ‘नाव जुळत नाही’ हा शेरा किती वेळा आला, ते कोणत्याही वर्गशिक्षकाला विचारा. मूल तेच असतं, फक्त त्याची दोन कागदांवरची अक्षरं वेगळी असतात.

आता ओटीपी घ्या. अर्ज बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की अर्जदार, त्याचा मोबाइल आणि इंटरनेट एकाच जागी आहेत. प्रत्यक्षात घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर रानात गेलेला. मग काम अडू नये म्हणून केंद्रचालक कधी कधी स्वतःचाच नंबर टाकतो. अर्ज जातो, सगळे खूश. पंधरा दिवसांनी ‘त्रुटी आहे, दुरुस्त करा’ असा संदेश येतो, तो केंद्रचालकाच्या फोनवर, इतर शेकडो संदेशांच्या गर्दीत. घरच्यांना वाटतं, काम चालू आहे. तोवर शिष्यवृत्तीची मुदत संपते.

याची किंमत कायद्याच्या हक्कातही मोजावी लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क आहे. न मिळाल्यास अपील करता येतं. पण ही मुदत मोजली जाते परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. म्हणजे अर्जच असा गोंधळाचा असेल की तो अपूर्ण राहतो, तर घड्याळ सुरूच होत नाही.

केंद्रचालकाला दोष देऊन यातून काही साधणार नाही. तोही वापरकर्ताच आहे. अर्जात ‘स्वतःसाठी भरताय की दुसऱ्यासाठी?’ असा एक प्रश्न आणि दोन मोबाइल नंबरची सोय असती, तरी बरंच निभावलं असतं.

ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. याच विभागाने ओळख पटवण्यासाठी २०१६ मध्ये ‘व्हेरिफाय’ नावाची सेवा आणली. ९० टक्के लोकांची ओळख ऑनलाइन पटेल असा अंदाज होता. २०१९ च्या सुरुवातीला प्रमाण ४८ टक्के होतं. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही सरकारी मदत मागणाऱ्यांत तर फक्त ३८ टक्के. ज्यांच्या नावावर कर्ज, पासपोर्ट, वाहन परवाना असं काही नाही, त्यांची ओळख यंत्राला पटेना. सर्वाधिक गरज होती तेच बाहेर राहिले. पुढे ती सेवा बंद करावी लागली.

आठवी-नववीच्या वर्गात यावर एक छान उपक्रम घेता येतो. मुलांना गटात बसवा आणि प्रत्येक गटाला एका दाखल्याच्या अर्जाची छापील प्रत द्या. घरी जाऊन आई, आजोबा किंवा शेजारच्या काकूंना तो भरायला सांगायचा. खोटी माहिती भरली तरी चालेल. आधार क्रमांक तर कोणीच लिहायचा नाही. मुलांनी शेजारी बसून फक्त बघायचं, मदत करायची नाही. (हे त्यांना सर्वांत कठीण जातं.) पेन कुठे थांबलं, कोणता शब्द दोनदा वाचला, ‘हे काय असतं गं?’ कुठे विचारलं, हे टिपून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळ्यांची अडलेली ठिकाणं लिहा. पाच-सहा घरांतच तीच ती नावं पुन्हा यायला लागतात. मग मुलांनाच तो अर्ज नव्याने लिहायला सांगा. ‘अर्जदाराचे अधिवासाचे ठिकाण’ या रकान्यासाठी मुलं काय लिहितात, ते मला कमेंटमध्ये जरूर कळवा.