वास्तववाद : पॅरिसमधला आणि मुंबईतला

१८५५ : पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनानं ‘चित्रकाराचा स्टुडिओ’ हे भव्य चित्र नाकारलं, तेव्हा गुस्ताव्ह कूर्बेनं शेजारीच स्वतःचा मंडप थाटून त्यावर ‘वास्तववाद’ अशी पाटी लावली. खडी फोडणारे मजूर त्यानं १८४९ मध्येच रंगवले होते.

१८५७ : शेतात सरवा वेचणाऱ्या बायकांचं मिलेचं चित्र पॅरिसमध्ये झळकलं. त्याच वर्षी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली.

१८९० : कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे.मध्ये दाखल झाले.

१८९४ : राजा रविवर्मा यांचा छापखाना गिरगावात सुरू झाला. हाडामांसाचे वाटणारे देव घरोघरी भिंतीवर लागले.

फरक कुठे? जे. जे.नं छायाप्रकाश, शरीररचना, यथार्थदर्शन शिकवलं. म्हणजे हुबेहूब रंगवण्याचं तंत्र. कूर्बेचं बंड मात्र विषयाचं होतं : इतिहासपुरुषांच्या आकाराच्या कॅनव्हासवर त्यानं कष्टकरी उभे केले.

दुवा : मुंबईच्या रस्त्यांवरची साधी माणसं धुरंधरांच्या रेखाटनांत भेटतात. एस. एम. एडवर्ड्‌स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) या पुस्तकातली चित्रं त्यांचीच.