देवदाराचा शेंडा झुकला म्हणून पाणी ओतू नका



देवदार हे नाव आपल्याला नवं नाही. बाळंतिणीला देवदार्वादि काढा देतात, त्यात याच झाडाचं लाकूड असतं. झाड मात्र हिमालयातलं. साधारण १५०० ते ३२०० मीटर उंचीवर त्याची रानं आहेत. हिमाचल प्रदेशाचा तो राज्यवृक्ष. पानं सुईसारखी, बाराही महिने हिरवी, आणि फांद्यांची टोकं खाली झुकलेली.

आपल्याकडच्या फौजी घरांतल्या काही मुली-सुना नवऱ्याच्या बदलीमुळे तिकडे डोंगरात राहतात. अंगणात देवदार लावला की त्यांचा आम्हाला एकच प्रश्न असतो : "ताई, शेंड्यानं मान टाकलीय, पाणी कमी पडतंय का?"

नाही. कोवळा शेंडा झुकणं हा देवदाराचा स्वभाव आहे. वाढेल तसा तो आपोआप सरळ होतो. तहान समजून रोज बादली ओतली, तर मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि रोप खरोखरच मरतं. म्हणून शेंड्याकडे बघू नका, मातीत बोट घाला. दोन इंचांपर्यंत कोरडं लागलं, तरच भरपूर पाणी द्या. पहिली दोन वर्षं एवढं सांभाळलं, की पुढे झाड बरंच काटक होतं.

जागा उन्हाची आणि पाण्याचा निचरा होणारी निवडा. हे झाड ४०-५० मीटरपर्यंत जातं, फांद्याही लांब पसरतात. भिंतीपासून, विजेच्या तारांपासून निदान पंचवीस फूट दूर लावा. तिकडे पावसाळ्याच्या तोंडाशी लागवड चांगली होते. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद घ्या, पण रोप पिशवीत होतं त्यापेक्षा खोल पुरू नका. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नका.

शेंडा कधी छाटू नका, झाडाचा आकारच जातो. आंब्याला छाटल्यावर फुटवे येतात, तसं इथे होत नाही. सुया नसलेल्या जुन्या भागापर्यंत फांदी कापली, तर तिथे बहुधा पुन्हा फुटत नाही. आतल्या बाजूच्या जुन्या सुया पिवळ्या होऊन गळल्या तर घाबरू नका, ते नेहमीचं आहे. टोकाच्या नव्या सुया तपकिरी होऊ लागल्या, तर मात्र आधी मुळाशी पाणी साचतंय का ते तपासा. बर्फ पडला की झाडूनं फांदी खालून वर हळूच उचलून तो झाडा. वरून दाबलं तर फांदी मोडते.

आता रोपवाटिका चालवणाऱ्या आपल्या गटांसाठी. देवदाराला थंडी लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तिथे तो चांगला वाढणं अवघड. दिसायला देखणा आहे म्हणून कर्जाच्या पैशातून शंभर रोपं भरून ठेवू नका. रोपं वाळली तरी हप्ता थांबत नाही. गिऱ्हाइकानं मागितलाच, तर "कुठे लावणार?" हे आधी विचारा आणि खरं काय ते सांगा. त्या दिवशी एक रोप कमी विकलं जाईल, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या पावसाळ्यात आंब्याची, शेवग्याची रोपं घ्यायला तुमच्याकडेच येईल.