जातीविषयी मौन आणि मुलांची समज

लहान मुलांना जात, वर्ण यांतले काही कळत नाही, तेव्हा त्यांच्यापुढे हा विषय काढूच नये, ही समजूत सुशिक्षित घरांतही दृढ असली, तरी बालमानसशास्त्रातील संशोधन तिला दुजोरा देत नाही. नवजात अर्भक कोणत्याही वंशाच्या चेहऱ्याकडे सारख्याच कुतूहलाने पाहते. तिसऱ्या महिन्यापर्यंत मात्र त्याची नजर सवयीच्या ठेवणीच्या चेहऱ्यांवर अधिक काळ स्थिरावते, आणि ज्या बाळांना वेगवेगळ्या ठेवणींचे चेहरे नित्य दिसतात, त्यांच्यात हा कल आढळत नाही. याचा अर्थ असा, की फरक टिपण्याची क्षमता लवकर येते, परंतु कोणता फरक महत्त्वाचा मानायचा हे मूल भोवतालातून शिकते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेबेका बिगलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांना निळे आणि पिवळे सदरे घालायला दिले. ज्या वर्गांत शिक्षकांनी रंगानुसार रांगा लावल्या आणि कामे वाटली, तेथील मुले काही आठवड्यांतच आपल्या रंगाचा गट सरस मानू लागली. ज्या वर्गांत शिक्षकांनी रंगांची दखलच घेतली नाही, तेथे असा पक्षपात रुजला नाही.

इंदापूर तालुक्यातील शेळगाव आणि एकूणच बारामती-इंदापूरचा ऊस पट्टा, मोठ्यांच्या न बोलताही दिसणाऱ्या वागण्यातून मुले काय शिकतात या दृष्टीने, विचारात घेण्यासारखा आहे. गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांची कुटुंबे या पट्ट्यात येतात आणि उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्यांत राहतात. कोपीतले मूल कोण, वस्तीवरचे कोण, पाण्याचा तांब्या कोणाला वेगळा दिला जातो, हे गावातील मूल रोज पाहत असते. मोठ्यांनी कारण सांगितले नाही, तर मूल ते स्वतःच रचते आणि 'ते लोक मुळातच तसे असतात' असे मानू लागते. सामाजिक स्थितीला जन्मजात गुण समजण्याच्या या प्रवृत्तीला मानसशास्त्रात सारतत्त्ववाद म्हणतात.

या प्रवृत्तीची झळ थेट मुलाच्या कामगिरीला लागते. अर्थशास्त्रज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील भुलभुलैये सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा उच्चवर्णीय आणि दलित मुलांची कामगिरी सारखीच होती. नावाबरोबर जात सर्वांसमक्ष पुकारताच दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मुलांची बुद्धी तीच होती, बदलली होती ती केवळ परिस्थिती.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यायला हवा: वर्गात एखाद्या मुलाची जात पुकारणे वेगळे आणि जातिभेद हा अन्याय कसा आहे हे सर्व मुलांना समजावणे वेगळे; पहिले घातक आहे, दुसरे आवश्यक आहे. मुलाने 'तो इतका काळा का?' असे विचारले, तर त्याला गप्प न बसवता, त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्याच्या कमी-अधिक प्रमाणामुळे रंग ठरतो आणि त्याचा बुद्धीशी वा स्वभावाशी संबंध नसतो, हे साध्या शब्दांत सांगता येते. थोड्या मोठ्या मुलांना मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे संशोधन सांगावे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये मानवी कवट्या मोजून, कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला आणि वंशश्रेष्ठत्वाच्या बाजूने असलेले आपल्याच मार्गदर्शकाचे गृहीतक नाकारले. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिणारी, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे ही विद्यार्थिनी तर या मुलांच्याच वयाच्या जवळची होती.

मात्र शब्दांना आचरणाची जोड नसेल, तर मूल आचरणावरच विश्वास ठेवते. म्हणून शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी लागणारी जातीची माहिती शिक्षकांनी वर्गात मोठ्याने न विचारता पालकांकडून स्वतंत्रपणे घ्यावी, बाकांची आणि पंगतीची रचना गटांनुसार होऊ देऊ नये, आणि घरातल्या मोठ्यांनी कोपीतल्या मुलाला घरच्याच तांब्याने पाणी द्यावे.